‘पण दिवसभर तुम्ही बोटीवर करता काय?’

प्रश्न असा आहे: “आम्ही दोघं नोकरीतून वर्षभराची रजा घेऊन उष्ण कटिबंधातल्या बेटांमधून शिडाच्या बोटीने फिरायचं म्हणतोय. फोटो पुष्कळ पाहिले. पण रोजचा दिवस कसा जातो? पाणी, वीज, जेवण कसं भागतं? दिवसभर तुम्ही बोटीवर करता काय? आणि खरं सांगा, कंटाळा येत नाही का?”

कंटाळ्याचं आधी सांगून टाकते. नऊ वर्षांत कंटाळा आला तो बंदरातल्या कचेरीच्या बाकावर शिक्क्याची वाट बघताना. बोटीवर थकवा येतो, वैताग येतो, कधी भीतीने पोटात गोळा येतो; कंटाळ्याची पाळी येईपर्यंत संध्याकाळ होते.

आम्ही नवरा-बायको ३९ फुटी जुन्या मोनोहलवर, म्हणजे एकाच सांगाड्याच्या बोटीवर राहतो. आधी कॅरिबियन, मग पनामा कालव्यातून पॅसिफिक. शिडाच्या बोटीवर राहणं म्हणजे शिडं फुगवून कुठेतरी निघालेलं असणं, असं बाहेरून वाटतं. आमच्या नोंदवहीत बघाल तर वर्षातले तीनशेच्या आसपास दिवस बोट नांगरावर उभी असते. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर नांगरावरच्या दिवसातच शोधायला हवं. त्या दिवसाचा आमचा नियम एकच आहे: रात्रीची झोप दिवसा कमवायची.

हा नियम आम्ही फजिती होऊन शिकलो. पहिल्या वर्षी एका बेटाच्या आडोशाला संध्याकाळी पाचला पोचलो. सूर्य खाली आलेला, पाण्यावर नुसती चकाकी, तळ दिसेना. नांगर टाकला, साखळी सोडली, बोट थांबली. एरवी मी मास्क लावून पाण्यात उतरते आणि नांगर रुतलाय का ते डोळ्यांनी बघून येते. त्या दिवशी दोघंही इतके दमलो होतो की ‘उद्या बघू’ म्हटलं. रात्री पावणेतीनला पावसाची सर आली, आणि तिच्यापुढे वारा. १५ नॉटवरून (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) ३५ वर गेला आणि त्याच दमात दिशाही फिरली. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की बोटीवरचा जोर चौपट होतो. इथे तो दुपटीच्याही पुढे गेला होता. अलार्म वाजला तेव्हा बोट साखळीसकट मागे चालली होती. नवरा इंजिनाशी, मी नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, टॉर्च घेऊन. मागे खडकांवर फुटणाऱ्या लाटांचा आवाज येत होता, दिसत काहीच नव्हतं. वीस मिनिटं इंजिनाच्या जोरावर वाऱ्याला तोंड देऊन उभे राहिलो. मग सर निघून गेली, चांदणं पडलं, आणि आम्ही दोघं कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या उघड्या जागेत, कुडकुडत उजाडायची वाट बघत बसलो. सकाळी नांगर वर घेतला तर फाळावर समुद्री गवताचा परडीएवढा गुंता. नांगर वाळूत शिरलाच नव्हता, गवताच्या गादीवर आडवा पडला होता.

मराठीत शेतातल्या आणि समुद्रातल्या नांगराला एकच शब्द आहे, ते फार योग्य आहे. फाळ जमिनीत शिरल्याशिवाय दोघांचाही उपयोग नाही.

आता आम्ही काय करतो? दुपारी तीनच्या आत पोचायचं, हे पहिलं. वरून ऊन असताना तळ वाचता येतो: फिकट म्हणजे वाळू, गडद डाग म्हणजे गवत किंवा प्रवाळ. वाळूचा मोठा तुकडा शोधायचा. पाणी ६ मीटर, त्यात नाळेची उंची सव्वा मीटर, त्यात भरतीचा अर्धा मीटर; सगळं मिळून पावणेआठ. त्याच्या पाचपट, म्हणजे सुमारे ४० मीटर साखळी. वारा वाढणार असेल तर सातपट. साखळीचं वजन तळाशी राहिलं की नांगरावरची ओढ आडवी येते आणि फाळ आणखी खोल जातो; साखळी आखूड ठेवली की तीच ओढ त्याला वर उपसते. मग इंजिन मागे, आधी हळू, नंतर जोरात. किनाऱ्यावरचं एखादं झाड आणि त्याच्या मागचा खडक एका रेषेत धरायचे. जोर लावूनही ती रेषा हलली नाही तर नांगर बसला. शेवटी साखळीला नायलॉनचा जाड दोर अडकवून ताण त्याच्यावर घ्यायचा. हा दोर ताणला जातो आणि हिसके खातो. तो नसेल तर रात्रभर साखळीचा खडखडाट थेट उशीखाली ऐकू येतो. आणि मग मास्क लावून पाण्यात, कितीही दमलो असलो तरी.

जिथे वाळूत जागोजागी प्रवाळाचे गड्डे असतात तिथे आम्ही साखळीला मध्ये मध्ये तरंगते गोळे बांधतो. पॅसिफिकमधल्या तुआमोतू बेटांवर किनाऱ्याला लागलेले मोत्यांच्या शेतीचे जुने गोळे मिळतात, ते यासाठी उत्तम. साखळी तळापासून उचललेली राहते, बोट फिरली तरी प्रवाळाभोवती गुंडाळत नाही, आणि शेकडो वर्षांत वाढलेला गड्डा आपल्या एका रात्रीसाठी तुटत नाही.

एवढं करूनही संध्याकाळी साडेपाचला कुणीतरी भाड्याची बोट घेऊन येतो, तुमच्या नाळेसमोर पंधरा मीटर साखळी सोडतो आणि जेवायला किनाऱ्यावर निघून जातो. त्याच्याशी वाद घालू नका. आपला नांगर उचला आणि लांब जा. अपमान गिळून झोप मिळत असेल तर सौदा स्वस्त आहे.

आता दिवस. इथे सूर्य बारा महिने सहाच्या मागेपुढे उगवतो आणि सहाच्या मागेपुढे मावळतो, म्हणून साडेपाचला आपोआप जाग येते. कॉफीच्या आधी डोकं बाहेर काढून चारी बाजूंना नजर: काल जिथे होतो तिथेच आहोत का, शेजारी तिथेच आहेत का, डिंगी (किनाऱ्यावर जायची छोटी होडी) आहे का. मग बिल्जचं झाकण उघडून बोटीच्या पोटात पाणी साचलंय का ते बघायचं. साचलं असेल तर हाताचं बोट त्यात बुडवून चाखायचं. गोडं लागलं तर आपली टाकी किंवा नळी गळतेय. खारट लागलं तर समुद्र आत येतोय, बाकी सगळी कामं रद्द. पाहुण्यांना हे किळसवाणं वाटतं, पण याहून झटपट तपासणी मला ठाऊक नाही.

नंतर बॅरोमीटर. उष्ण कटिबंधात हवेच्या दाबाला दिवसाची लय असते: सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली, फरक दोन-तीन हेक्टोपास्कलचा. ही लय रोज लिहून ठेवली की ती मोडलेली लगेच कळते. दुपारी चारला दाब उतरला तर त्यात काही नाही. सकाळी दहाला चढायचा तो चढलाच नाही, तर मी हवामानाच्या अंदाजाच्या फायली पुन्हा उतरवून घेते. या फायली म्हणजे मोठ्या संगणकी प्रारूपांची आकडेमोड. उघड्या समुद्रावर त्या चांगल्या चालतात, पण डोंगराळ बेट त्यांना नीट दिसत नाही. बेटाच्या दोन्ही टोकांना वारा दाबला जाऊन पाच-दहा नॉटनी वाढतो, आणि आडोशाच्या बाजूला दरीतून अवचित झोत उतरतात. फायलीत १५ नॉट लिहिलेले असताना टोकाशी २५ भेटले तर अंदाज चुकला असं समजू नका, तिथे तसंच असतं.

विजेचा हिशेब सूर्यावर. आमची ६०० वॉटची पॅनेल चांगल्या दिवशी सव्वादोन युनिटच्या आसपास वीज देतात. १२ व्होल्टच्या भाषेत सुमारे १८० अँपिअर-तास. त्यातले साठ-सत्तर एकटा फ्रिज खातो, कारण समुद्राचं पाणीच २८-२९ अंशांवर असतं आणि बोटीचं पोट कधी थंड होत नाही. उरलेल्यात दिवे, पंखे, रेडिओ, लॅपटॉप, पाण्याचं यंत्र. नवख्या माणसाला एक गोष्ट लवकर कळत नाही: पॅनेलवर डोलकाठीच्या दोराची बोटभर सावली पडली तरी उत्पादन धाडकन खाली येतं. म्हणून मुख्य शिडाचा आडवा दांडा, बूम, सकाळी एका बाजूला ओढून बांधायचा आणि दुपारी दुसऱ्या बाजूला. बोट वाऱ्यावर वळली की पुन्हा. सूर्यफुलासारखं दिवसभर मान वळवत बसण्याचं काम आहे हे.

पाण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण जमिनीवरच्या माणसाला सर्वांत मोठा धक्का इथेच बसतो. आमच्या टाक्या ४०० लिटरच्या. दोघांना दिवसाला २५ ते ३० लिटर पुरतं, आणि त्यात आम्ही स्वच्छ राहतो, हे आधीच सांगते! भांडी आधी समुद्राच्या पाण्यात घासायची, शेवटचं विसळणं गोड्या पाण्यात. आंघोळ म्हणजे समुद्रात डुबकी, साबण, पुन्हा डुबकी, आणि फवारणीच्या पंपातलं दीड लिटर गोडं पाणी अंगावर. मीठ अंगावर राहिलं तर ते हवेतली ओल धरतं, उशी-चादरी कायम दमट राहतात आणि आठवड्याभरात काखेत, मांड्यांत पुरळ उठतं. त्या दीड लिटरावर तडजोड करू नका.

समुद्राचं पाणी गोडं करायचं यंत्र आता बहुतेक बोटींवर असतं. खारं पाणी ५५ बारच्या आसपास दाबाने पडद्यातून ढकलायचं, मीठ मागे राहतं. आमचं छोटं यंत्र तासाला पंचवीसेक लिटर देतं, म्हणजे रोज तासभर, ऊन डोक्यावर असताना. बंदरात ते कधीच चालवायचं नाही, कारण पाण्यावरच्या तेलाच्या तवंगाने पडदा कायमचा जातो. आणि चालवून झालं की गोड्या पाण्याने धुवायचं, पण त्या पाण्यात क्लोरीन नको. किनाऱ्यावरच्या नळाचं पाणी टाकीत भरलं आणि त्यानेच पडदा धुतला तर क्लोरीन तो खाऊन टाकतं. आम्ही एक पडदा असाच मारला.

यंत्र बिघडलं तर पाऊस. कॉकपिटवरचं ताडपत्रीचं छत दहा चौरस मीटरचं आहे. दहा मिलिमीटर पाऊस पडला की त्यावर १०० लिटर पाणी होतं. मध्यभागी तोटी शिवून घेतलीय, तिला नळी लावून थेट टाकीत. पहिली पाच मिनिटं पाणी सोडून द्यायचं, त्यात मीठ आणि धूळ असते. रात्री दोनला सर आली आणि दोघंही उठून, न बोलता, एकाने तोटी आणि दुसऱ्याने टाकीचं झाकण धरलं, की समजायचं आता तुम्ही बोटीवर राहायला लागलात.

स्वयंपाकघर टेबलाएवढं. शेगडी दोन बाजूंच्या खिळींवर टांगलेली, बोट झुकली की ती सरळ राहते. प्रेशर कुकर हे बोटीवरचं सर्वांत शहाणं भांडं: गॅस कमी, वाफ कमी, आणि लाटेने उडालं तरी झाकण निघत नाही. भात, कडधान्यं, मासे, अगदी पावसुद्धा त्यात होतो. गॅसबद्दल मात्र कडक शिस्त. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड. घरात गळला तर दाराखालून बाहेर जाईल, बोटीत तो बिल्जमध्ये उतरून साचतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. म्हणून सिलिंडर बाहेरच्या, तळाला भोक असलेल्या कप्प्यात, आणि प्रत्येक स्वयंपाकानंतर तिथलीच कळ बंद.

साठवणीचं थोडक्यात. पुठ्ठ्याचं खोकं बोटीवर आणायचंच नाही, झुरळांची अंडी त्याच्या घड्यांमध्ये येतात. केळ्यांचा घड आधी समुद्रात बुचकळायचा, म्हणजे कोळी आणि मुंग्या तिथेच उतरतात. न धुतलेली, कधीच फ्रिजमध्ये न गेलेली अंडी बाहेर आठवडेच्या आठवडे टिकतात. अधूनमधून उलटी करायची. कोबी, कांदे, बटाटे, भोपळा हे खरे मित्र. पालेभाजी मिळाली त्याच दिवशी खायची आणि आनंद मानायचा.

संडासाबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. हाताने पंप करायचा, समुद्राच्या पाण्याचा. खारं पाणी आणि लघवी मिळून नळीत चुन्यासारखा थर धरतो. आठवड्याला व्हिनेगर ओतलं नाही तर दोन वर्षांत नळी बोटाएवढी अरुंद होते आणि मग एक दिवस कुणालातरी ती सोडवून डेकवर आपटावी लागते. आमच्याकडे यासाठी नाणं उडवतात. प्रवाळाच्या तळ्यात असताना मैला टाकीत साठवायचा, बाहेर खोल समुद्रात गेल्यावर सोडायचा.

सकाळचे दोन-तीन तास दुरुस्तीचे. मीठ, ऊन आणि ओल यांच्यासमोर कुठलीच वस्तू टिकत नाही. इंजिनात समुद्राचं पाणी खेचणारा रबरी पंखा असतो, तळहाताएवढा. त्याची पाती तुटली की इंजिन काही मिनिटांत तापतं. म्हणून इंजिन सुरू केलं की पहिलं काम मागे वाकून धुराड्यातून पाणी पडतंय का ते बघायचं. बोटीच्या तळाशी जी भोकं आहेत त्या प्रत्येकाशेजारी त्या मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवलेली हवी. नळी फुटली तर अंधारात खुंटी शोधत बसायला वेळ नसतो. बाहेरून पाण्याखालचा भाग दर दोन-तीन आठवड्यांनी खरवडायचा, नाहीतर शेवाळ आणि बार्नॅकल (तळाला चिकटून वाढणारे कवचाचे जीव) बोटीचा वेग खातात. हे काम मला आवडतं. शेवाळ सुटलं की लहान मासे गोळा होतात, तेवढाच तासभर सोबत.

एका बेटावरून दुसऱ्यावर जायचा दिवस वेगळा. व्यापारी वारे वर्षाचा बराच काळ पूर्वेकडून १५ ते २० नॉटनी वाहतात, म्हणून पश्चिमेकडे जाणं सुखाचं आणि पूर्वेकडे जाणं म्हणजे दिवसभर तोंडावर पाणी घेणं. मार्ग आखताना हे आधी बघा. नकाशावरचं ३० मैल अंतर वाऱ्याविरुद्ध ४५ होतं.

प्रवाळांमध्ये शिरताना मी नाळेवर उभी, पोलराइज्ड चष्मा लावून, आणि नवरा सुकाणूवर. सूर्य उंच आणि पाठीमागे हवा. गडद निळं म्हणजे खोल. हिरवट निळं म्हणजे चार-पाच मीटर. पांढुरकं म्हणजे उथळ वाळू. तपकिरी-पिवळं म्हणजे प्रवाळ पृष्ठभागाशी आलंय, थांबा. ढगाची सावली हुबेहूब खडकासारखी दिसते, पण ती सरकते. बोलण्याचा आवाज इंजिनात पोचत नाही आणि ओरडलं की भांडण होतं, म्हणून आम्ही फक्त हातवारे ठरवलेत: तळहात उजवीकडे, डावीकडे, मूठ म्हणजे थांब, मूठ मागे म्हणजे इंजिन उलटं. नांगर टाकताना संसार मोडायची वेळ आलेली जोडपी मी पाहिली आहेत. हातवारे आधीच घरी बसून ठरवा. आत येतानाचा मार्ग जीपीएसवर नोंदवून ठेवायचा. परत निघताना ढगाळ असलं तरी त्याच रेषेवरून बाहेर पडता येतं.

तुआमोतूचा उल्लेख वर आला. १७६८ मध्ये बूगँव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीने या बेटांना ‘धोकादायक द्वीपसमूह’ म्हटलं होतं, आणि ते नाव आजही खोटं नाही. ही बेटं म्हणजे प्रवाळाची कंकणं, मध्ये तळं, आणि आत जायला एखाद-दुसरी खिंड. भरती-ओहोटीचं कोष्टक बघून पाणी स्थिर असण्याच्या वेळी खिंडीत शिरायचं, हे पुस्तकी उत्तर झालं. पण दक्षिणेकडून मोठी लाट येत असेल तर ती कंकणाच्या सखल बाजूवरून तळ्यात पाणी ओतत राहते, आणि ते सगळं पाणी खिंडीतूनच बाहेर पडतं. मग कोष्टक भरती म्हणत असतानाही प्रवाह बाहेरच वाहतो, कधी सहा नॉटच्या वर. आमची बोट इंजिनावर जेमतेम सहा चालते. म्हणजे पूर्ण जोर लावून आम्ही जागच्या जागी. अशा वेळी बाहेर शिडं कमी करून येरझाऱ्या घालायच्या, दुर्बिणीने खिंडीतल्या उभ्या लाटा बघायच्या, त्या बसल्या की आत. एकदा आम्ही पाच तास अशा येरझाऱ्या घातल्या. दिवस कसा जातो, विचारलंत ना?

वर्षाचं वेळापत्रक चक्रीवादळं ठरवतात. अटलांटिक आणि कॅरिबियनचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर; दक्षिण पॅसिफिकचा नोव्हेंबर ते एप्रिल. या काळात त्या पट्ट्यात राहायचं नाही, हा साधा नियम. विषुववृत्ताच्या पाच अंशांत चक्रीवादळ जवळजवळ होतच नाही, म्हणून काही जण तिकडे सरकतात. काही जण बोट जमिनीवर चढवून घरी जातात. ‘हे बेट पट्ट्याबाहेर आहे’ या वाक्यावर विसंबू नका. ग्रेनाडा सुरक्षित मानली जायची. सप्टेंबर २००४ मध्ये आयव्हन चक्रीवादळाने तिलाच झोडपून काढलं. १ जुलै २०२४ ला, मोसम जेमतेम महिन्याचा असताना, बेरिल चक्रीवादळ ग्रेनाडाच्याच कॅरियाकू बेटावर आदळलं. तिथल्या खारफुटीत, पिढ्यान्‌पिढ्या निवाऱ्याची मानलेल्या जागेत, दाटीवाटीने बांधलेल्या बोटी एकमेकींवर चढल्या.

नव्या देशात पोचलात की पिवळा झेंडा चढवून ठरलेल्या बंदरातच जायचं आणि कागद होईपर्यंत कप्तानाखेरीज कुणी उतरायचं नाही. आधीच्या देशाचा निघाल्याचा कागद जपून ठेवा, तो नसेल तर पुढचा देश दारात उभं करत नाही. कचेरीत स्वच्छ कपडे घालून जा, स्वतःचं पेन न्या, आणि त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.

डिंगी म्हणजे तुमची गाडी. इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधल्याशिवाय ते सुरू करू नका. माणूस पाण्यात पडला तर चालकाविना डिंगी गोल फिरत परत त्याच्यावरच येते. रात्री ती पाण्यातून उचलून ठेवायची, चोरापासूनही आणि बार्नॅकलपासूनही.

मासे पकडायला तुम्हाला आवडत असेल, म्हणून सिग्वाटेराबद्दल सांगायलाच हवं. प्रवाळावर वाढणाऱ्या एका सूक्ष्म जिवाचं विष लहान माशातून मोठ्या माशात साठत जातं. मासा ताजा असतो, वास-चव ठीक असते, आणि शिजवून, गोठवून, खारवून ते विष जात नाही. उलट्या-जुलाबांनंतर हातापायांना मुंग्या येतात, थंड पाणी भाजल्यासारखं लागतं, आणि हा त्रास आठवडे, कधी महिने राहतो. १७७४ मध्ये जेम्स कुकच्या बोटीवरचे लोक असेच आजारी पडले होते, त्याचं वर्णन वाचून आज हेच निदान करतात. बाराकुडा, मोरे ईल, मोठा ग्रुपर यांना आम्ही हात लावत नाही. एकाच बेटाच्या एका बाजूचा मासा चालतो आणि दुसऱ्या बाजूचा नाही, हे तिथल्या कोळ्यालाच माहीत असतं, त्याला विचारा. आम्ही खोल समुद्रात गळ ओढत जाताना लागलेला ट्यूना किंवा माही-माही तेवढा खातो.

औषधांच्या पेटीत सगळ्यात जास्त खर्च होतो तो जखम धुण्याच्या सामानाचा. प्रवाळाचा साधा ओरखडा दमट हवेत तीन दिवसांत पू धरतो. लगेच गोड्या पाण्याने आणि ब्रशने चोळून धुवायचा, कितीही झोंबलं तरी. कॅरिबियनमध्ये किनाऱ्यावर हिरव्या सफरचंदासारखी फळं दिसली तर ते मँचिनील असू शकतं. फळ तोंडात घालायचं नाही, आणि पावसात त्याच्याखाली आडोशालाही उभं राहायचं नाही, पानांवरून ओघळणाऱ्या चिकाने फोड येतात.

संध्याकाळी पाचला आम्ही हातातलं टाकून देतो. संधिप्रकाश इथे जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचा, सूर्य गेला की अंधार पडदा ओढल्यासारखा येतो. त्याआधी डिंगी वर, डेकवरचं सुटं सामान आत, झडपा बंद करता येतील अशा, किल्ली इंजिनात, टॉर्च पायरीवर. निघायची वेळ आली तर कुठल्या दिशेला निघायचं ते होकायंत्राच्या अंशांत पाटीवर लिहून ठेवायचं. रात्री तीनला डोकं चालत नाही, पाटी चालते. डोलकाठीवर पांढरा दिवा. मग शेजारच्या बोटीवरचं कुणी गप्पा मारायला येतं, सुटे भाग आणि पुस्तकं बदलली जातात, आणि साडेआठला सगळी जांभया देतात. बोटवाल्यांची मध्यरात्र नऊला होते, ही थट्टा नाही.

तुमच्यापुरता सल्ला: बोट विकत घ्यायच्या आधी कुणाच्यातरी बोटीवर खलाशी म्हणून किमान तीन आठवडे राहा. एक आठवडा पुरत नाही, पहिला आठवडा सुट्टीत आणि ओकाऱ्यांत जातो. दुसऱ्या आठवड्यात काहीतरी मोडतं, तिसऱ्यात पाऊस लागतो आणि चौघं एका खोलीत अडकता. तेव्हा एकमेकांशी नीट बोलत असाल तर बोटी बघायला सुरुवात करा. येताना कडक सुटकेस आणू नका, मऊ पिशवी आणा. रिकाम्या सुटकेसला बोटीत जागा नसते. ती तीन आठवडे तुमच्याच बिछान्यात, मधोमध झोपते.